पंधरा सेकंदांचं दार

प्रौढांना दिवसा सांभाळणाऱ्या आमच्या केंद्राच्या परवान्याचा अर्ज हातात आला तेव्हा त्यातला पहिलाच रकाना होता ‘बालकांची संख्या’. खिडकीपलीकडच्या गृहस्थांना म्हटलं, आमच्याकडे बालकं नाहीत हो, सगळी सत्तरीच्या आगेमागेची माणसं आहेत. ते मान वर न करता म्हणाले, “खोडा, वर ‘प्रौढ’ लिहा आणि खोडलंय तिथे सही करा.” अशा एकोणीस सह्या केल्या. ‘बालकाच्या आईचे नाव’ इथे मात्र पेन अडलं. शेवटी तिथे ‘जबाबदार नातेवाईक’ असं लिहिलं, आणि पुढे दोन वर्षं त्या खात्याच्या कागदांवर आमचं केंद्र पाळणाघरच राहिलं.

वहिनींना हा शब्द मुळीच आवडत नाही. ‘म्हाताऱ्यांचं पाळणाघर’ असं कुणी कौतुकाने जरी म्हटलं, तरी त्या तिथल्या तिथे सांगतात, “इथे येणाऱ्यांनी आयुष्यभर संसार केलेत, नोकऱ्या केल्यात. आणि सगळे म्हातारेही नाहीत.” ते खरंच आहे. आमच्याकडे बेचाळीस वर्षांचा एक जण आहे, अपघातात डोक्याला मार बसलेला. दिवसाच्या केंद्रात प्रौढ माणूस सकाळी येतो, संध्याकाळी घरी झोपायला जातो. रुग्णालय नाही, वृद्धाश्रम नाही आणि नुसता गप्पांचा कट्टाही नाही. ही कल्पना तशी जुनी आहे. लायोनेल कोसिन नावाच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये वृद्धांसाठी दिवसाचं रुग्णालय चालवलं. घरी राहणाऱ्या माणसाला दिवसा उपचार, व्यायाम आणि सोबत मिळाली तर खाट अडवून ठेवावी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिथूनच ही कल्पना पुढे अमेरिकेत गेली. पण रुग्णालय आणि घर यांच्या मधल्या जागेचा अर्ज कुठल्या टेबलावर ठेवायचा, हा गोंधळ अजून संपलेला नाही. आमचा अर्ज तीन टेबलं फिरला.

आम्ही यात पडलो ते दादामुळे. पक्षाघातानंतर त्याचा उजवा हात आणि पाय गेले. वहिनींनी तीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढलेली, तरी घरात एकट्याने एका माणसाचं सगळं करणं हे वॉर्डापेक्षा जड निघालं. दिवसा कुठे ठेवता येईल म्हणून शोधलं, तसं काही सापडलं नाही. “मग आपणच काढू,” असं त्या म्हणाल्या. मी हिशेबाचा माणूस, नुकताच निवृत्त झालेलो, हो म्हणून बसलो. कागद मी बघायचे आणि माणसं त्यांनी, अशी वाटणी ठरली. ती पहिल्याच महिन्यात मोडली, कारण इथला प्रत्येक कागद कुठल्या ना कुठल्या माणसाच्या शरीराबद्दल असतो.

जागा मिळाली ती एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाची. तळमजला, मोठा हॉल, मागे कोठार, बाहेर तीन पायऱ्या. जोतं ४५ सेंटिमीटर उंच. मिस्त्रीने दोन दिवसांत उतार घालून दिला आणि स्वतःची स्कूटर चढवून दाखवली. मीही खूश. कल्याण खात्याच्या तपासणीच्या बाई आल्या, त्यांनी टेप काढली आणि म्हणाल्या, “हा स्कूटरसाठी ठीक आहे.”

नियम आहे एकास बारा. एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. म्हणजे आमच्या ४५ सेंटिमीटरला ५ मीटर ४० सेंटिमीटर, शिवाय वर आणि खाली चाकाची खुर्ची सरळ उभी राहील एवढी, दीड मीटरची सपाट जागा. मिस्त्रीचा उतार जेमतेम अडीच मीटरचा. मला वाटलं, चढवणार तर मीच आहे, मला जमतंय ना. संध्याकाळी दादाला खुर्चीत बसवून चढवलं, जमलं. उतरवताना मात्र खुर्चीनेच मला ओढलं. दादाने चांगल्या हाताने कठडा धरायला हात टाकला, आणि कठडा होता फक्त उजवीकडे, त्याच्या मेलेल्या हाताच्या बाजूला. दोन्ही बाजूंना कठडा का मागतात हे मी नियमात चार वेळा वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं ते तेव्हा. ज्याचा एकच हात चालतो त्याला जाताना जो कठडा लागतो, येताना तो दुसऱ्या बाजूला गेलेला असतो.

उतार फोडला. नवीन काटकोनात वळवून घातला, मध्ये एक टप्पा देऊन.

दारांचंही तेच. चौकट ९०० मिलिमीटरची, म्हणून मी निर्धास्त. पण मोजतात ती चौकट नव्हे. दार काटकोनात उघडायचं आणि दाराच्या पाठीपासून समोरच्या चौकटीच्या खाचेपर्यंत जी मोकळी फट राहते ती मोजायची. ती भरली ७८० मिलिमीटर. अमेरिकेच्या अपंगांच्या सोयीसाठीच्या २०१० च्या मानकांत ती किमान ३२ इंच लागते, म्हणजे ८१५ मिलिमीटर, आणि आमच्या नियमातला आकडा जवळपास तोच. सगळ्या चौकटी काढायच्या की काय या विचाराने माझा चेहरा पडला. तेव्हा सुतारानेच तोडगा सांगितला: दाराची फळी चौकटीच्या पूर्ण बाहेर फिरवणाऱ्या बिजागऱ्या मिळतात. तीन दारं नुसत्या बिजागऱ्यांवर निभावली.

मग आला आकड्यांचा खरा खेळ, आणि तिथे मला वाटलं की आता माझं राज्य. किती जणांचा परवाना मिळेल? हॉल, खोल्या मिळून दोन हजार चौरस फूट. दरडोई ५० चौरस फूट हा आमच्या इथला नियम. अमेरिकेतल्या राज्याराज्यांत हा आकडा बहुधा ४० ते ६० च्या दरम्यान असतो. दोन हजार भागिले पन्नास, चाळीस माणसं. मी चाळीसांचा हिशेब मांडून पगार, गाडी, भाडं सगळं बसवलं होतं.

बाईंनी पेन्सिल घेतली. कार्यालय वजा. स्वयंपाकघर वजा. बोळ वजा, स्वच्छतागृहं वजा, कोठार वजा. उरले १,४५०. म्हणजे एकोणतीस माणसं. मग त्यांनी विचारलं, स्वच्छतागृहं किती? दोन. दहा जणांमागे एक, म्हणजे वीस. आणि माणसं सांभाळायला कोण कोण? मी सात नावं सांगितली. त्यांनी स्वयंपाकी, गाडीचा चालक आणि मी, तिघांवर काट मारली. उरले चार. सहा जणांमागे एक, म्हणजे चोवीस. “यातला सगळ्यात लहान आकडा तुमचा,” असं सांगून त्यांनी कागदावर वीस लिहिलं.

हिशेबाची इतकी वर्षं नोकरी केली, पण सगळ्या आकड्यांत सगळ्यात लहान तोच खरा, असा ताळेबंद मी कधी मांडला नव्हता. आता कोणी नवं केंद्र काढायला निघालं आणि मला जागा दाखवायला घेऊन गेलं, की मी आधी स्वच्छतागृहं मोजतो.

आम्ही कोठार पाडून तिथे तिसरं स्वच्छतागृह केलं. मग कोठारातली कपाटं हॉलमध्ये आली आणि साठ चौरस फूट गिळून बसली. १,३९०. सत्तावीस. स्वच्छतागृहांचे तीस, माणसांचे चोवीस. परवाना चोवीसचा. वहिनी म्हणाल्या, “आणि भावजी, त्या चारांतला एक जण कायम कुणाला तरी स्वच्छतागृहात घेऊन गेलेला असणार. म्हणजे हॉलमध्ये तीनच.” नियम सहामागे एक म्हणतो. त्यांनी पहिल्या दिवसापासून पाचवा माणूस ठेवला, आणि माझा ताळेबंद पुन्हा फाडला.

स्वच्छतागृह ही या सगळ्यातली सगळ्यात अवघड खोली, असं माझं ठाम मत झालंय. नकाशात ती चिमूटभर दिसते. तिथलं दार बाहेर उघडणारं हवं, नाहीतर आत पडलेला माणूस स्वतःच्याच अंगाने दार अडवून ठेवतो. कडी बाहेरून उघडता यायला हवी. आत खुर्ची पूर्ण वळेल एवढा, साधारण दीड मीटर व्यासाचा मोकळा वर्तुळाकार भाग हवा, आणि तिथे नेमकी कचऱ्याची बादली ठेवलेली नको. भिंतीतल्या आधाराच्या दांड्याने साधारण ११३ किलोचा भार सोसला पाहिजे. मी माझं सगळं वजन टाकून दांडा ओढला. दांडा शाबूत राहिला, फरशी निघून हातात आली. प्लंबरने तो पोकळ पार्टिशनमध्ये नुसता स्क्रूने बसवला होता. आतून जाड प्लायवूडचा पाट ठोकून पुन्हा सगळं केलं. त्या रात्री मला दांड्याला लटकलेला दादा स्वप्नात दिसला.

आणि गरम पाणी. मी याला नियमच समजत नव्हतो. बाईंनी नळ सोडला, दोन मिनिटं वाहू दिला आणि थर्मामीटर धरला: ५८ अंश. माझा हात तर चांगला निबर, मला कोमट-कडक वाटलं इतकंच. पण साठ अंशांच्या पाण्याने कातडी खोलवर भाजायला साधारण पाच सेकंद पुरतात. ४९ अंशांना त्यालाच काही मिनिटं लागतात, म्हणून नळाशी पाणी त्याच्या वर जाऊ देत नाहीत. म्हातारी कातडी पातळ असते, पक्षाघाताच्या बाजूला चटका कळत नाही, आणि पाच सेकंदांत हात मागे घेता येतोच असं नाही.

मग मी हुशारी केली. गिझरच खाली, पंचेचाळीसवर आणून ठेवला. पुढच्या भेटीत बाई म्हणाल्या, हेही चालणार नाही. साठवलेलं कोमट पाणी हे लेजिओनेला जिवाणूंचं आवडतं घर. वीस ते पंचेचाळीस अंशांत ते वाढतात, आणि त्या पाण्याचे बारीक तुषार श्वासात गेले की न्यूमोनिया होऊ शकतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. तिथे आलेल्यांपैकी कित्येक जण या आजाराने दगावले, आणि आजाराला नावही त्यांच्यावरूनच पडलं. म्हणजे टाकीत पाणी साठ अंश हवं आणि नळाला एकोणपन्नासच्या आत. मधे थंड पाणी मिसळून तापमान आपोआप धरून ठेवणारा व्हॉल्व बसवावा लागतो. बसवला. दर सोमवारी सकाळी नळाचं तापमान वहीत लिहायचं असतं. पहिले तीन सोमवार मी अंदाजाने लिहिलं, हे वहिनींना अजून माहीत नाही.

उजेड, फरशी, पायपुसणं याबद्दल फार लिहीत नाही. एकच सांगतो. दाराशी मी छान काळंभोर पायपुसणं टाकलं होतं. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला ते जमिनीतलं भोक वाटू शकतं. एक आजी पहिल्या दिवशी त्याच्यापुढे दहा मिनिटं उभ्या राहिल्या, आणि आम्ही समजत होतो त्यांना यायचंच नाही. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो त्याच्या साधारण एक-तृतीयांशच साठीत पोचतो, असं म्हणतात. आम्ही दिवे वाढवले, पायपुसणं फरशीच्या रंगाचं आणलं. आजी दुसऱ्या दिवशी सरळ आत आल्या.

आता मागच्या दाराकडे वळतो.

हॉलला दोन दारं. पुढचं उतारावर उघडतं, तिथे कुणी ना कुणी बसलेलं असतं. मागचं थेट रस्त्यावर, आणि तो रस्ता वाहता. अग्निशमनचे साहेब आले, त्यांनी मागच्या दाराची कडी पाहिली आणि एवढंच म्हणाले, “काढा.” एका ढकलण्यात उघडलं पाहिजे, किल्ली नको, आकडा नको, वर चढवलेली कडी नको, बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे आणि दारासमोर काही ठेवायचं नाही. ते गेल्यावर चार दिवसांनी कल्याण खात्याच्या बाई आल्या. त्यांनी त्याच दाराकडे बोट दाखवून विचारलं, “इथून कुणी निघून गेलं तर तुम्हाला कळणार कसं?”

दोघंही बरोबर होते, हीच पंचाईत. आमच्याकडे येणार होते त्यांतल्या नऊ जणांना स्मृतिभ्रंश. त्यातले दोघंतिघं सतत चालणारे. दार उघडं राहिलं तर माणूस रस्त्यावर, बंद केलं तर आगीत आत. कुलपाच्या विरोधात आणखी एक गोष्ट होती, ती मला वहिनींनी समजावली: सज्ञान माणसाला त्याच्या मनाविरुद्ध कोंडून ठेवायचा अधिकार केंद्राला नाही. खुर्चीला पुढून लावलेला, स्वतःहून काढता न येणारा ट्रेसुद्धा बांधून ठेवण्यात धरला जातो. “आपण पाळणाघर नाही,” त्या पुन्हा म्हणाल्या, “आणि तुरुंग तर नाहीच.”

मी आधी सोप्या वाटा शोधल्या. दारावर पडदा लावू. साहेब म्हणाले, बाहेर पडायचं दार झाकायचं नाही. दाराला भिंतीचा रंग देऊ, त्यावर पुस्तकांच्या कपाटाचं चित्र काढू, म्हणजे दार आहे हेच कळणार नाही. ही युक्ती आमच्या व्यायामवाल्या मुलीने कुठेतरी पाहिली होती. साहेब हसले. “धुरात तुम्हालाही कळणार नाही.” दार उंचावरच्या छोट्या बटणाने उघडू. तेही नाही, कारण खुर्चीतल्या माणसाचा हात पोचत नाही. दाराजवळ एक माणूस दिवसभर बसवू. चालेल, पण मग तो सहामागे एक या हिशेबात नाही.

साहेबांशी वाद घालताना मी एकदा चिडून म्हटलं, एवढ्या वर्षांत या दुकानाला कधी आग लागली नाही. ते शांतपणे म्हणाले, संडरलंडला आग नव्हतीच. घरी येऊन शोधलं. इंग्लंडमधलं संडरलंड शहर, १८८३, व्हिक्टोरिया हॉल. मुलांसाठीचा मंचावरचा खेळ संपल्यावर खाली भेटवस्तू वाटायला लागले, वरच्या गॅलरीतली मुलं जिन्यावरून धावली. खालचं दार आतल्या बाजूला उघडणारं, आणि एकेकानेच बाहेर पडावं म्हणून कडीने अर्धवट अडकवलेलं. १८३ मुलं गुदमरून गेली. ना आग, ना धूर. अंगाने दाबलं की उघडणाऱ्या आडव्या दांड्याची दारं आज सिनेमागृहात, शाळेत दिसतात, त्यांची कल्पना त्या दुर्घटनेनंतर पुढे आली. दुसऱ्या दिवशी मी कडी स्वतः काढली. भोकं अजून चौकटीत आहेत.

तोडगा निघाला तो दोघांना एकाच टेबलावर बसवल्यावर. त्यासाठी अडीच महिने लागले, कारण दोन खात्यांची माणसं एकाच दिवशी एकाच जागी येत नाहीत असा अलिखित नियम असावा. विलंबाने उघडणारं कुलूप असतं. दाराचा दांडा दाबला की घंटा वाजायला लागते, आणि पंधरा सेकंदांनी दार उघडतंच. ते कुणाला थांबवता येत नाही. आगीचा इशारा वाजला की कुलूप त्याच क्षणी सुटतं. वीज गेली तरी सुटतं. ते पुन्हा लावायचं तर माणसाने दाराशी येऊन हाताने लावायचं. दारावर मोठ्या अक्षरांत लिहावं लागतं: दाबून धरा, घंटा वाजेल, १५ सेकंदांत दार उघडेल. आणि हे सगळं तेव्हाच, जेव्हा इमारतभर धूर ओळखणारी यंत्रणा बसवलेली असते. ती आमच्याकडे निम्म्याच जागेत होती. उरलेली बसवली. त्या महिन्याचा ताळेबंद मी वहिनींना दाखवला नाही.

बाईंनी त्यावर आपली एक अट घातली, आणि मला ती सगळ्यात आवडली. घंटा वाजल्यावर पंधरा सेकंदांत हॉलच्या कुठल्याही कोपऱ्यातून माणूस दाराशी पोचला पाहिजे, आणि हे त्या घड्याळ लावून बघणार. आम्ही पळून पाहिलं. स्वयंपाकघरापासून अकरा सेकंद. तिसऱ्या स्वच्छतागृहापासून, कुणाला तरी अर्धवट सोडून न येता, अशक्य. म्हणजे कुणी ना कुणी कायम हॉलमध्ये हवाच. पाचवा माणूस ठेवायचा वहिनींचा हट्ट होता, तो आता कागदावर आला.

कवायतीचं सांगायलाच हवं. परवान्याआधी आग लागल्याचं नाटक करून सगळ्यांना बाहेर काढून दाखवायचं असतं. माणसं अजून आलेली नव्हती, म्हणून ओळखीतले सोळा जण बोलावले. वहिनींनी प्रत्येकाला कानात काहीतरी सांगितलं. मला वाटलं, सूचना देताहेत. घंटा वाजली आणि गोंधळ उडाला. एक काका उठेचनात, “माझं जेवण व्हायचंय” म्हणत बसले. एक बाई उलट्या दिशेने आपली पिशवी शोधायला गेल्या. एकाने व्यायामवाल्या मुलीचा हात धरला आणि सोडलाच नाही. दादा आपल्या खुर्चीत बसून हसत होता. नऊ मिनिटं चाळीस सेकंदांनी आम्ही सगळे बाहेर, धापा टाकत. मी जाहीर केलं, सगळे सुखरूप. वहिनी म्हणाल्या, “मोजा.” पंधरा. सोळावा मधल्या स्वच्छतागृहात कडी लावून बसला होता, बोलावल्याशिवाय यायचं नाही असं त्याला बजावून ठेवलेलं. आणि मी मोजणार तरी कशावरून? हजेरीची वही आत टेबलावर.

त्या दिवसापासून वही दाराच्या खुंटीला. बाहेर पडताना ती घेणं हे एकाच माणसाचं काम, त्या दिवशी कोण ते फळ्यावर लिहायचं. खुर्च्या आधी की चालणारे आधी, यावर बराच खल झाला. चालणारे आधी, हात धरून दोघं-दोघं, असं ठरलं, कारण खुर्ची दारात अडकली की मागचे सगळे थांबतात. चौथ्या कवायतीला तीन मिनिटं पन्नास सेकंद लागले.

बाकी कागद भरपूर, पण त्यात मजा नाही. मदतनिसांच्या चारित्र्याची पडताळणी, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, विमा, अग्निशामक नळकांड्यांच्या महिन्याच्या महिन्याच्या नोंदी, गरम जेवण साठ अंशांच्या वर आणि थंड पाच अंशांच्या खाली. औषधांचं मात्र वेगळं. औषध मूळ पाकिटातच हवं, घरून कागदाच्या पुडीत बांधून आलेली गोळी द्यायची नाही. कपाट कुलपात, किल्ली एकाकडे, इन्सुलिन दोन ते आठ अंशांत आणि जेवणाच्या फ्रिजमध्ये नाही. दिलं की तिथल्या तिथे सही. दिलं नाही तरी रकाना मोकळा ठेवायचा नाही, कारण लिहायचं: ‘झोपले होते’, ‘नको म्हणाले’. रकाना मोकळा राहिला की संध्याकाळची पाळी समजते गोळी राहिली, आणि दुसऱ्यांदा देते. या एका नियमासाठी वहिनी कुणाशीही भांडतात. नातेवाइकांशी जास्त.

परवाना आला तो सहा महिन्यांचा, तात्पुरता. सोबत अट, की न सांगता तपासणी होईल.

अण्णा आमच्याकडे आले ते याच काळात. छापखान्यात चाळीस वर्षं काम केलेले, हात अजून शाईने काळे असल्यासारखे पुसत राहणारे. दिवसभर निवांत. चार वाजले की उठायचे, सदऱ्याची बटणं लावायचे आणि मागच्या दाराकडे निघायचे. त्यांची पाळी सुटायची ती वेळ. दांडा दाबायचे, घंटा वाजायची, कुणीतरी पळायचं. “अण्णा, कुठे निघालात?” “घरी.” दार उघडायचं आणि आमचा माणूस त्यांच्याबरोबर बाहेर पडायचा. कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं. कोपऱ्यावर अण्णांना घर आठवायचं नाही आणि ते निमूट परत यायचे. सगळं नोंदवहीत: ‘४.१२, मागचं दार, अण्णा, सोबत गेले, ४.२५ परत.’ दुसऱ्या दिवशी ४.१०. तिसऱ्या दिवशी ४.१४. घंटेने दादा दचकायचा, एक आजी रडायला लागायच्या. आणि आमच्यातला एक जण रोज त्या वेळेला पळायच्या तयारीत, ताणलेला.

न सांगता बाई आल्या ती दुपार होती. त्यांनी टेप काढलीच नाही. खुर्ची ओढून बसल्या, नोंदवही उघडली आणि बोटाने ओळी वाचत खाली आल्या. मी पाठ केलेली सगळी उत्तरं तयार ठेवली होती: किती सेकंद, कोण धावलं, वीज गेल्यावर काय होतं. त्यांनी विचारलं, “हे रोज चार वाजता का?”

मी छापखान्याची गोष्ट सांगितली.

त्यांनी घड्याळ पाहिलं. तीन बावन्न. “मग यांना आत्ताच घेऊन जा ना,” त्या म्हणाल्या. “दार वाजायची वाट कशाला बघता?”

वहिनींनी अण्णांना हाक मारली. अण्णांनी बटणं लावली. दोघं पुढच्या दाराने, उतारावरून, कठड्याला हात लावत खाली गेले. चार वाजले, सव्वाचार झाले, घंटा वाजली नाही. बाईंनी वही मिटली आणि गरम पाण्याची वही मागितली. मी सोमवारच्या नोंदी त्यांच्यापुढे सरकवल्या आणि पहिल्या तीन ओळींवर अंगठा ठेवून उभा राहिलो.